सरड्यामागे पीएचडी

आसपास पाण्याचा थेंब नाही आणि एक तरुण मासे धरायची काठी घेऊन चोरपावलांनी झुडपाकडे निघाला आहे. काठीच्या टोकाला गळ नाही. डेंटल फ्लॉसचा, म्हणजे दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्याचा, सरकफास आहे. चार पावलं मागे एक मुलगी वही-पेन्सिल घेऊन श्वास रोखून उभी. तिच्याही मागे विटकी टोपी घातलेले एक प्रौढ गृहस्थ, नुसत्या भुवयांनी सूचना देणारे. असं दृश्य कुठे दिसलं तर पोलिसांना फोन करू नये. तिथे विज्ञानाचं उच्च शिक्षण चालू असतं. टोपीवाले गाईड, काठीवाला पीएचडीचा उमेदवार, वहीवाली एम.एस्सी.ची, आणि झुडपात बसला आहे तो विषय.

या शास्त्राचा पहिला धडा डार्विनचा नसतो, गाठीचा असतो. फास मोठा राहिला तर सरडा त्यातून आरपार निघून जातो, लहान झाला तर नाकावर टेकतो आणि सरडा पसार होतो. दोरा वाऱ्याने हलता कामा नये, काठीची सावली पडता कामा नये, आणि फास डोक्यावरून मानेत उतरला की काठी झटक्यात वर. सरड्याच्या स्वतःच्याच वजनाने गाठ आवळते आणि ते वजन इतकं किरकोळ असतं की त्याला इजा होत नाही. गंमत अशी, की माणूस हात पुढे करताच पळणारा सरडा नाकासमोर लोंबणाऱ्या फासाला मात्र सहसा भीत नाही. अमेरिकेतले ॲनोल सरडे तर कधीकधी त्या दोऱ्यालाच किडा समजून तोंड मारतात. विद्यापीठात पहिला आलेला मुलगा अर्धा दिवस हे करून रिकाम्या हाताने परततो, आणि गावातलं दहा वर्षांचं पोर गवताच्या काडीला फास करून पाच मिनिटांत सरडा आणून देतं. गाईड त्या क्षणी काही बोलत नाहीत. बोलायचं काही उरलेलंच नसतं.

सरडा हातात आला की मापं सुरू. लांबी घ्यायची ती नाकापासून गुदद्वारापर्यंत. शेपटीची वेगळी नोंद, कारण शेपटीचा भरवसा नाही. अनेक जातींचे सरडे आणि पाली जीवावर बेतलं की ती तोडून देतात आणि पुढे पुन्हा वाढवतात. प्रत्येक नवखा विद्यार्थी कधी ना कधी विजयी मुद्रेने मूठ उघडतो आणि तिच्यात नुसती वळवळणारी शेपूट निघते. मग कापडी पिशवीत घालून स्प्रिंगच्या काट्यावर वजन. मग तापमान. त्यासाठीचा थर्मामीटर तोंडात घालत नाहीत, एवढं सांगितलं की पुरे. तेही काही सेकंदांत उरकायचं, कारण सरड्याचं अंग बाहेरच्या उष्णतेवर चालतं आणि जरा वेळ मुठीत धरला की विद्यार्थ्याच्या हाताची ऊब विज्ञानात शिरते. शेवटी पाठीवर रंगाने नंबर घालून त्याला होता तिथे सोडून द्यायचं. सरडा काही दिवसांनी कात टाकतो. काल ‘बावीस’ असलेला गडी आज कोऱ्या अंगाने समोरच्या दगडावर बसलेला असतो आणि वहीवाली मुलगी त्याच्याकडे बघत राहते. म्हणून जाणती माणसं रंगाबरोबर दुसरीही कायमची खूण करून ठेवतात.

एवढी धावपळ झाल्यावर खरं काम येतं, ते म्हणजे बसून राहणं. सरडा काय करतो हे पाहायचं असेल तर सरडा काय काय करत नाही हे आधी तासन्‌तास पाहावं लागतं. रे ह्युई आणि एरिक पियांका या जोडीने कलहारीच्या वाळवंटातल्या सरड्यांवर १९८१ साली निबंध लिहिला. काही सरडे हिंडून भक्ष्य शोधतात आणि काही एका जागी बसून ते येण्याची वाट पाहतात, या एका फरकातून त्यांच्या आहारापासून त्यांना कोण खातं इथपर्यंत काय काय ठरतं, हे त्यांनी मांडलं. वाचायला फार सुरेख. विद्यार्थ्याच्या वाट्याला मात्र बहुधा दुसऱ्या प्रकारातला येतो. त्याची नोंदवही अशी दिसते: दहा वाजता, बसला आहे. दहा पाच, बसला आहे. दहा दहा, मान वळवली. दहा पंधरा, बसला आहे. दहा सतराला आईचा फोन येतो.

“अजून पालीच मोजतोयस का रे?”

“आई, पाल नाही, सरडा.”

“बरं, सरडा. जेवलास का?”

फोन ठेवून वर बघावं तर दगड रिकामा. तेवढ्यात त्याने एक नाकतोडा खाल्ला, शेजारच्या नराला हाकललं आणि मादीसमोर चार जोर काढले, हे पलीकडच्या झाडामागे बसलेल्या दुसऱ्या विद्यार्थिनीच्या वहीत सविस्तर लिहिलेलं असतं.

गाईडचं काम इथे सुरू होतं. सरड्यांविषयी पुस्तकात असलेलं सगळं विद्यार्थ्याने आधीच वाचलेलं असतं, बऱ्याचदा गाईडपेक्षा जास्त. त्याला शिकवायचं असतं ते इतकंच, की ‘बसला आहे’ हे सुद्धा खरं असेल तर शंभर वेळा तसंच लिहायचं, आणि चारचौघांत हास्यास्पद दिसायची लाज सोडायची. पहिली गोष्ट सुमारे महिन्याभरात जमते. दुसरीला जास्त वेळ लागतो, त्यातही मुलाचं लग्न ठरायचं असेल तर फारच.

लाज सोडण्याची परंपरा चांगली जुनी आहे. वेस्ट इंडीजच्या बेटांवर आणि दोन्ही अमेरिका खंडांच्या उष्ण भागात ॲनोलच्या चारशेहून अधिक जाती आहेत. हार्वर्डच्या अर्नेस्ट विल्यम्स यांनी असं मांडलं की क्युबा, हिस्पॅनिओला, जमैका आणि पोर्तो रिको या मोठ्या बेटांवर वेगवेगळ्या जातींच्या सरड्यांनी झाड जणू मजल्यांत वाटून घेतलं आहे: कुणी शेंड्यात, कुणी खोडावर, कुणी बारीक डहाळीवर, कुणी खाली गवतात. मजला तसे पाय. बुंध्यावरच्याचे लांब, डहाळीवरच्याचे आखूड. जोनाथन लोसोस हार्वर्डला पदवीसाठी शिकत असताना याच विल्यम्सच्या प्रभावळीत आले आणि त्यांनी पुढे सरड्यांच्या शर्यती लावल्या. छोटी धावपट्टी, ठरावीक अंतरावर प्रकाशाच्या किरणांनी चालणारी घड्याळं, आणि सरड्याने पळावं म्हणून मागून त्याच्या शेपटीला डिवचणारा एक सुशिक्षित मनुष्य. लांब पायांचा सरडा रुंद पृष्ठभागावर खरोखरच वेगाने पळतो आणि आखूड पायांचा बारीक काडीवर न अडखळता चालतो, हे अशा मोजण्यांतून सिद्ध झालं. लोसोस यांच्याकडून शिकून बाहेर पडलेल्यांची संख्या बघता हे संशोधकांचं एक घराणंच म्हणायला हवं. फरक इतकाच, की इथे शिष्याने गुरूच्या गायकीत बेसूर शोधला तर गुरू त्याच्याबरोबर निबंधावर नाव घालतो.

या घराण्याला निसर्गानेही बरंच छळलं. टॉम शोनर, डेव्हिड स्पिलर आणि लोसोस बहामातल्या चिमुकल्या खडकाळ बेटांवर वर्षानुवर्षं सरडे सोडून, मोजून, परत मोजून प्रयोग करत. १९९६ च्या ऑक्टोबरात त्यांची मोजणी नुकतीच उरकली आणि लिली हे चक्रीवादळ थेट प्रयोगावरून गेलं. लाटांच्या तोंडावरच्या बेटांवर सरडे शिल्लकच राहिले नाहीत. दुसरा कुणी असता तर त्याने विषय बदलला असता. यांनी परत जाऊन कोण उरलं आणि कोण कधी परतलं याची मोजणी केली आणि त्यावर निबंध लिहिला. २००४ साली फ्रान्सेस वादळाने आणखी काही बेटं साफ केली, तेव्हा जेसन कोल्बी आणि मंडळींनी मोकळ्या झालेल्या सात बेटांवर प्रत्येकी सरड्यांची एकेक जोडी सोडली आणि तिच्या वंशजांचे पाय मोजत बसले. पिढ्यांगणिक पाय आखूड होत गेले, कारण तिथे झाडं नव्हती, बारीक झुडपं होती. मात्र पहिल्या जोडीचा ठसा प्रत्येक बेटावर टिकून राहिला. २०१२ साली तो निबंध ‘सायन्स’मध्ये आला.

कळस चढवला सरडा-संशोधक कॉलिन डॉनिह्यू यांनी. २०१७ मध्ये ते सहकाऱ्यांसह टर्क्स आणि कायकोस बेटांपैकी दोन छोट्या बेटांवर सरडे मोजायला गेले होते. तिथले उपद्रवी उंदीर संपवायची मोहीम निघणार होती. त्याआधीचे सरडे कसे होते याची नोंद ठेवायची, इतकाच माफक हेतू. काम उरकून ते निघाले आणि चार दिवसांत इर्मा वादळ आलं. पाठोपाठ मारिया. उंदीर राहिले बाजूला. या वादळांआधीची ताजी मापं मात्र यांच्या हातात होती. काही आठवड्यांनी पथक परत गेलं आणि वाचलेले सरडे मोजले: बोटांखालच्या चिकट गाद्या मोठ्या, पुढचे पाय लांब, मागचे मात्र आखूड. गाद्यांचं समजलं. मागचे पाय आखूड का?

उत्तरासाठी त्यांनी हॉटेलच्या खोलीत लाकडी दांडा उभा केला, त्यावर सरडा बसवला, मागे जाळी लावली आणि समोरून बागेतला पालापाचोळा उडवायचा ब्लोअर सुरू केला. सरडा आधी दांड्याच्या आडोशाच्या बाजूला सरकतो आणि घट्ट मिठी मारतो. वारा वाढला की मागचे पाय आधी सुटतात, कारण वाकलेल्या मांड्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या असतात आणि त्यांत वारा भरतो. मग तो नुसत्या पुढच्या दोन पायांवर आडवा फडफडतो आणि शेवटी उडून जाळीत पडतो, सुखरूप, बहुधा अपमानित. मांड्या जितक्या मोठ्या तितका वारा जास्त. २०१८ साली हे ‘नेचर’मध्ये छापून आलं आणि चित्रफितीतला तो फडफडणारा सरडा जगभर पाहिला गेला. प्रयोगाच्या वेळी हॉटेलच्या सफाई कर्मचाऱ्याने दार वाजवलं असतं तर काय उत्तर दिलं असतं, याचा खुलासा निबंधात नाही.

सरडा मंदबुद्धी असतो हा समजही असाच टिकला नाही. ड्यूक विद्यापीठातल्या मॅन्युएल लील आणि ब्रायन पॉवेल यांनी पोर्तो रिकोच्या सहा ॲनोलांपुढे एक ठोकळा ठेवला. त्यात दोन खळगे, एकात अळी, वर घट्ट बसणारी चकती. सहांपैकी चौघांनी चकती काढायची युक्ती शोधली. कुणी कडेला चावून, कुणी खाली नाक घालून. मग अळीची जागा बदलून नियमच उलटा केला, तर तोही दोघांनी पकडला. या दोन हुशार विद्यार्थ्यांची नावं संशोधकांनी प्लेटो आणि सॉक्रेटिस ठेवली. गुरुशिष्यांची जोडी ठोकळ्यापर्यंत पोचली.

आता कुंपणाकडे येऊ. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, हे आपल्याकडे कुणालाही पटतं, कारण कुंपणापलीकडे सरड्याच्या मागे जायला कुणी रिकामं नसतं. शास्त्रज्ञांचंही बरीच वर्षं तसंच चाललं होतं. ॲनोल नर आपला इलाखा राखतो, त्यातल्या माद्या त्याच्या, परक्याने फिरकायचं नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जात होतं. लोसोस यांच्याकडे हार्वर्डला पीएचडी करणाऱ्या अंबिका कामत यांनी याचं मूळ शोधायला १९३०च्या दशकापासूनचे निबंध काढून वाचले आणि त्यांच्या लक्षात आलं की अनेक अभ्यासांत जागा लहान, काळ थोडा. दिसेल तो सरडा स्थायिक. दिसेनासा झाला तो वहीतूनच बाद. एकेका निबंधाने आधीच्याला प्रमाण मानलं आणि कुंपण पक्कं होत गेलं.

मग त्यांनी फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलच्या एका बागेत तपकिरी ॲनोलांना खुणा करून ते कुठे कुठे दिसतात हे महिनोन्‌महिने टिपलं आणि माद्यांच्या पिल्लांची पितृत्व-चाचणी केली. नर सांगितले जात होते त्याहून बरेच फिरतात आणि बहुतेक माद्यांच्या पिल्लांचे बाप एकाहून अधिक, असं निघालं. ज्या विषयात गाईडची हयात गेली त्याच्या पायाच्या एका दगडालाच हा धक्का होता, आणि २०१८ च्या त्या निबंधावर विद्यार्थिनीखाली सहलेखक म्हणून गाईडचं नाव आहे. इतरत्र कुठे गाईडच्या मताविरुद्ध निष्कर्ष निघाला तर विद्यार्थ्याला आधी निष्कर्ष तपासून पाहायला सांगतात, मग निष्ठा.

आपल्याकडचं नाट्य साताऱ्याच्या डोक्यावर, ठोसेघरच्या वरच्या अंगाला चाळकेवाडीच्या पठारावर घडतं. उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, इथल्या दगडांवर हातात मावेल एवढा सरडा चढून बसतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो: निळा, काळा, केशरी. २०१६ साली व्ही. दीपक, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी त्याचं ‘सरडा सुपर्बा’ असं बारसं केलं. त्यातलं ‘सरडा’ हे प्रजातीचं नाव आपल्याच बोलीतून उचललेलं. याच पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे. पाती आणि सरडा यांचा काय संबंध, हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर यांनी अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांच्याबरोबर तपासलं.

तपासायची एक रीत अशी. सरडा हेरायचा आणि त्याच्याकडे सरळ, एकाच चालीने, न थबकता चालत जायचं. तो पळाला की तिथल्या तिथे थांबायचं, खूण टाकायची, आणि आपल्यात व त्याच्या जागेत किती अंतर उरलं होतं ते टेपने मोजायचं. पुढचा सरडा, पुन्हा तेच. भर उन्हात एक मनुष्य माळावर दगडाकडे संथ चालत जातो, थबकतो, जमीन मोजतो, वहीत काही लिहितो आणि दुसऱ्या दगडाकडे निघतो, असं लांबून दिसतं. अशा वेळी गुरांमागून येणारा एखादा बाबा हमखास विचारतो, “काय हरवलंय का पाव्हणं?” सरड्याचं अंतर मोजतोय, हे उत्तर खरं असलं तरी उपयोगाचं नसतं. जमिनीची मोजणी करतोय असं ऐकू गेलं तर तासाभरात सगळं गाव सातबारा घेऊन हजर होतं. अनुभवी विद्यार्थी म्हणून सुरुवातीलाच बसून बाबांबरोबर चहा घेतो. दुसऱ्या दिवसापासून बाबाच सांगतात कुठल्या दगडावर जास्त सरडे आहेत, आणि ते बरोबर असतं.

निष्कर्ष मोठे मजेदार निघाले. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी. पक्षी नाहीत म्हणून सरडे जास्त. सरडे जास्त म्हणून खाण्याची ओढाताण, आणि म्हणून ते बारीक. घारी-ससाण्यांची धास्ती नसल्याने त्यांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकंही कमी, आणि माणूस बराच जवळ आला तरी ते ढिम्म. नरांचे रंग मात्र फिके. पोटाला कमी, जिवाला घोर नाही, अंगावर रंग नाही. पात्याने सरड्याला हात लावला नाही, त्याच्या शत्रूला हटवलं, आणि तेवढ्याने सगळ्या पठाराचा हिशेब बदलला. २०१८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांना चाळकेवाडीचा उच्चार करावा लागला.

पंचांगात पल्लीपतनाचं कोष्टक असतं. पाल कुठल्या अवयवावर पडली की काय फळ, याची व्यवस्थित यादी. नमुन्यादाखल किती माणसांवर किती पाली पडल्या हे तेवढं दिलेलं नसतं. २१ जानेवारी २०२० रोजी अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याच्या मायामी कार्यालयाने असंच पल्लीपतन जाहीर केलं: आज रात्री झाडांवरून इग्वाना पडताना दिसले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. इग्वाना हा बाहेरून येऊन फ्लोरिडात फोफावलेला भला दांडगा हिरवा सरडा. थंडीत त्याचं अंग बधिर होतं, पकड सुटते आणि तो झोपेतच खाली येतो. त्या रात्री पारा ४.४ अंशांपर्यंत उतरला होता. सकाळी रस्त्यात उताण्या पडलेल्या एका इग्वानाचा फोटो मित्राने जेम्स स्ट्राउड या तरुण संशोधकाला पाठवला. स्ट्राउड तेव्हा लोसोस यांच्याकडे होते. इतर कुणी तो फोटो पुढे पाठवला असता. त्यांनी मायामीतले वाचलेले सरडे पकडून कोण किती थंडी सोसतो ते मोजायची व्यवस्था केली. सहा जाती तपासल्या. अंगाने लहानमोठ्या, वेगवेगळ्या मुलखांतून आलेल्या, पण सहाही जणी आता सुमारे साडेपाच अंशांपर्यंत तग धरत होत्या, पूर्वीच्या मोजण्यांपेक्षा कितीतरी खाली.

याच स्ट्राउड यांनी दक्षिण फ्लोरिडातल्या शाळकरी मुलांनाही कामाला लावलं. ‘लिझर्ड्स ऑन द लूज’ या उपक्रमात मुलं शाळेच्या आवारात आणि परसात दिसणारे सरडे ओळखून नोंदवतात, आणि कुठली परदेशी जात कुठवर पोचली हे त्यातून कळतं. वर्गाच्या खिडकीतून सरड्याकडे बघत बसलं म्हणून शाबासकी मिळण्याची व्यवस्था शिक्षणाच्या इतिहासात फारशी झालेली नाही.

त्यांचं स्वतःचं मोठं काम मात्र मायामीच्या फेअरचाइल्ड वनस्पती उद्यानातल्या तळ्यामधल्या एका बेटावर चाललं होतं. तिथे ॲनोलच्या चार जाती एकत्र राहतात. स्ट्राउड आणि मंडळींनी सुमारे तीन वर्षं दर सहा महिन्यांनी तिथले सरडे पकडले, पाय-डोकं-बोटं मोजली, खुणा करून सोडले, आणि पुढच्या खेपेला कोण जिवंत आहे ते पाहिलं. एकूण १,६९२ सरडे. एवढ्या हाताळणीनंतर निघालं असं: एका सहामाहीत लांब पायवाल्यांची सरशी, दुसरीत आखूड पायवाल्यांची, तिसरीत कुणाचीच नाही, आणि सगळ्याची बेरीज केल्यावर ज्याचं माप त्याच्या जातीत मधलं होतं तोच फायद्यात. थोडक्यात, तीन वर्षं निवड सतत चालू होती आणि जाती होत्या तशाच राहिल्या. लाखो वर्षं जाती फारशा न बदलता कशा राहतात, या जुन्या कोड्यावर ते उत्तर होतं. घरच्यांना फोनवर ‘काही बदललं नाही’ एवढंच सांगता येतं; पीएनएएस या मानाच्या नियतकालिकाने तेच २०२३ साली सविस्तर छापलं. स्ट्राउड आता जॉर्जिया टेकमध्ये स्वतः गाईड आहेत. त्यांची मंडळी अजून काठ्या घेऊन त्या बेटावर जातात, ज्यांचं काहीच बदललं नव्हतं त्यांची नातवंडं-पतवंडं पकडून पुन्हा पहिल्यापासून मोजायला.